आधी तू

बादलीतलं पाणी कोमट झालं होतं. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली कात्री होती. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण अजून पारोसाच होता. नणंद दारात चपला काढत होती.

सुनेला आजपासून शिवणाच्या दुकानात कामाला जायचं होतं. आज गेली नाही तर जागा दुसरीला मिळणार होती. म्हणूनच सासूला सांभाळायला नणंद आली होती.

पण सासू लेकीच्या हातचा घास घेईना. ओठ घट्ट मिटून ती सुनेकडेच बघत राहिली. मग तिने ताटातला घास उचलला आणि सुनेपुढे धरला.

"आधी तू, बाळा. तुला दाखवल्याशिवाय मी कधी जेवले का?"

हे ती इतकी वर्षं देव्हाऱ्यापुढे बसून बोलायची. आता तिला देव्हारा आठवत नव्हता, देव तेवढा आठवत होता.

"वहिनी, बढती झाली की तुझी!" नणंद हसली. "देवाला कसली आलीय नोकरी?"

"आई, मला जाऊ द्या हो."

सासूने तिचं मनगट धरलं. "जाशील कुठे? तू नाहीस अशी जागा तरी आहे का?"

सुनेने देव्हाऱ्याकडे पाहिलं. रांगता बाळकृष्ण एक गुडघा उचलून होता तिथेच होता, तिच्या लग्नापासून तसूभरही पुढे सरकला नव्हता.

तिने तोंड उघडून घास घेतला. मग सासू पोटभर जेवली.

दुकानाच्या मालकिणीने आदल्या संध्याकाळीच खिडकीजवळचं मशीन तिच्यासाठी पुसून ठेवलं होतं. दुपारी त्यावर दुसरी बसली.