चार बोटं अलीकडे

मी एक चेस्ट गार्ड आहे. तायक्वांदो खेळताना छातीपोटावर बांधतात ना, तोच. माझी एक बाजू लाल, दुसरी निळी, मध्ये फोम, आणि मागं बांधायला लांब नाड्या. लोक देवाला हात जोडतात, पाहुण्याला पाणी देतात आणि मला लाथ मारतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लाथा खायलाच मी जन्मलो. माझं दुखणं निराळं होतं. एक लाथ वर्षभर माझ्यापर्यंत यायची आणि लागायचीच नाही. तिचीच हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

जन्म माझा मेरठचा. शिवणयंत्रांच्या एका लांबलचक खोलीत एका बाईनं माझ्या कडा शिवल्या. शिवताना ती शेजारणीला आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती, त्यामुळे माझी उजवी शिवण जरा वाकडीच आली. तिथून मी पुण्याच्या एका दुकानात आलो. सूरज सरांनी मला घेतलं आणि स्वारगेटला हडपसरची बस पकडली. गर्दीत मी चेपू नये म्हणून त्यांनी मला चक्क अंगात घातलं. कंडक्टर म्हणाला, "लढाईला निघालात वाटतं? निघा. तिकीट काढून निघा."

सूरज सर मूळचे हडपसरचेच. त्यांचा क्लास त्यांच्या चुलत्याच्या, गेनबांच्या, पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये चालतो. खाली दळण, वर आम्ही. कुणी आवाजाची तक्रार केली की गेनबा म्हणायचे, "वर लाथा सुरू झाल्या की माझं पीठ आपसूक चाळून निघतंय. बंद कशाला करू?" पीठ उडून वरपर्यंत यायचं आणि संध्याकाळपर्यंत माझी निळी बाजू आजारी माणसासारखी पांढुरकी दिसायची.

पहिली पाच-सहा वर्षं माझी फार चैनीत गेली. लाथेवरून मी पोरं ओळखायचो. एक मुलगा मारण्याआधी ओठ चावायचा, एक मुलगी मारल्यावर लगेच 'सॉरी' म्हणायची. पण मला सगळ्यात आवडायची ती वेगळीच गोष्ट. माझ्या नाड्या पाठीवर येतात, त्या स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत. त्यामुळे लढणारी दोघं आधी एकमेकांच्या नाड्या बांधून देतात आणि मग एकमेकांना तुडवतात. माणसांच्या सगळ्या सवयींत मला ही सवय शहाणपणाची वाटते.

मग सेन्सरवाले गार्ड आले. त्यांच्यावर लाथ नीट बसली की पडद्यावर आकडा उमटतो. पोरांना आकड्यांचं भारी वेड. माझा फोमही तोवर बसला होता. सरांनी मला टाकून दिलं नाही हे त्यांचे उपकार, पण हॉलच्या मधल्या खांबाला बांधून टाकलं. सरावाला बरा, म्हणाले. खांबाला कुणी भेटलंय का कधी? आत ना ऊब, ना धडधड. दोन वर्षं मी त्या खांबाला मिठी मारून उभा होतो आणि त्यानं एकदाही उलटून धरलं नाही.

अशा दिवसांत पूर्णिमा आली. वय एकतीस, गाव यवतमाळ. इथल्या आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, मागच्या गल्लीत एक खोली. ज्वारी दळायला टाकून ती गिरणीत उभी होती, तेव्हा तिला वरचे दणके ऐकू आले.

"वर कराटे शिकवतात का?" तिनं विचारलं.

"कराटे का आणिक काय, ते मला नाय ठावं," गेनबा म्हणाले. "लाथा हाणत्यात एवढं खरं."

ती दळण तिथंच ठेवून जिना चढून आली. कराटेत तिचा काळा पट्टा होता. इथं पहिल्या दिवशी कमरेला पांढरा बांधून ती रांगेत उभी राहिली. पुढं-मागं तिच्या कमरेएवढी पोरं. तिच्या वजनाचं, तिच्या उंचीचं क्लासमध्ये कुणी नव्हतं, म्हणून जोडीला कुणी मिळालं नाही. "ताई, तुम्ही सध्या खांबावर करा," सर म्हणाले. अशी ती माझ्या वाट्याला आली.

कराटे आणि तायक्वांदो यांतला फरक मी तिच्याकडे बघूनच शिकलो. आमची पोरं कढईतल्या लाह्यांसारखी सतत उडत असतात. ती मात्र पाय फाकवून, गुडघे वाकवून अशी ठाण मांडायची की ढकललं तरी हलू नये. तिच्या मुठी कमरेपासून निघायच्या. आमच्याकडं हात बहुतेक अंग झाकायला, तोंडावर ठोसा मारायचा नाही, आणि पाय मात्र थेट डोक्यापर्यंत न्यायचा. पोरं कोरियन आकडे मोजायची, "हाना, तूल, सेत", आणि तिच्या तोंडून चुकून जपानी निघायचं, "इची, नी". पोरं हसायची. हळूहळू तीही उडायला शिकली, गिरकी शिकली, हाना-तूलही शिकली.

एकच गोष्ट तिला जमेना. पाय असा सुसाट यायचा की मी अंग आवळून तयार व्हायचो, आणि माझ्या चार बोटं अलीकडे तो थांबायचा. एकदम. मला नुसता वारा लागायचा.

रोज पन्नास वेळा. विचार करा, दोन वर्षं कुणाची तरी वाट बघणाऱ्याच्या दारापर्यंत कुणीतरी रोज पन्नास वेळा येतं आणि कडी न वाजवता परत जातं. मला रडू यायचं. फोमला रडता येत नाही म्हणून बरं.

स्वराली नावाची अकरा वर्षांची एक आगाऊ मुलगी क्लासमध्ये आहे. ती एकदा म्हणाली, "ताई, तुमची किक ना, एकदम बफरिंग होते."

पूर्णिमा हसली आणि तिनं सरांना कारण सांगितलं. तिचे वडील, हिंमतराव, यवतमाळला शाळेत पीटीचे मास्तर होते आणि संध्याकाळी मैदानावर कराटे शिकवायचे. तिला शिकवताना ते स्वतः इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून समोर उभे राहायचे. पूर्ण ताकदीनं मारायचं, पण शर्टाची इस्त्री मोडता कामा नये. मोडली तर मैदानाला दहा फेऱ्या. सात वर्षांची असल्यापासून ती हेच शिकली होती.

"कमाल आहे," सर म्हणाले. "पण ताई, आमच्यात थांबलं की शून्य. गार्डला लागल्याशिवाय पॉइंट नाही."

ती वडिलांशी फोनवर बोलायची ती माझ्यासमोरच, क्लास सुटल्यावर, खांबाला टेकून. "हो बाबा, क्लासलाच आहे... हो, काता चालू आहेत." काता म्हणजे कराटेतले ठरीव हातवारे. तायक्वांदोचं नावही तिनं वडिलांना सांगितलं नव्हतं. पुण्यात तिचं तिसरं वर्ष होतं. ऑफिसात कानाला हेडफोन, लिफ्टमध्ये 'हाय', खोलीत कुकरच्या दोन शिट्ट्या. एकदा तिनं माझ्यावर तळवा ठेवला आणि आपल्याशीच म्हणाली, "मला रोज हाय म्हणणाऱ्यांपैकी एकालाही माझं आडनाव माहीत नसेल." तळवा गार होता. मी फार वेळ तो आठवत राहिलो.

पट्ट्याच्या परीक्षेत व्हायचं तेच झालं. मी काही गेलो नव्हतो, स्वरालीनं येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं. दोन राउंड, एकही पॉइंट नाही. समोरच्या मुलीला शेवटी तिची दया आली म्हणे. सर पूर्णिमाला म्हणाले, "महिन्याभरात परत घेतो परीक्षा. तेव्हाही नाही लागली, तर मग फक्त व्यायाम म्हणून येत जा." ते साखर लावून बोलले, पण शब्द काही बदलत नाहीत. व्यायाम तर खोलीतही होतो. या शहरात तिला नावानं हाक मारणारी ही एकच जागा होती आणि ती सुटायला आली होती. पुढचा शनिवार शेवटचा, असं तिनं ठरवून टाकलं. मला तसं सांगितलंसुद्धा.

त्याच शनिवारी हिंमतराव आले. नात्यातल्या लग्नासाठी पुण्याला आले होते, आणि लेकीचा कराटेचा क्लास गिरणीच्या वर आहे हे त्यांना फोनवरून ठाऊक होतं. ते दारात केव्हा येऊन उभे राहिले कुणालाच कळलं नाही. बारीक अंगाचे, सत्तरीकडे झुकलेले, पण ताठ. पूर्णिमा खांबावर सराव करत होती. त्यांनी तिच्या तीन लाथा बघितल्या.

"हे काय करून राहिली तू?"

तिचा पाय हवेतच राहिला. "बाबा... हे तायक्वांदो आहे."

"कवापासून?"

"वर्ष झालं."

"आन फोनवर काता करून राहिली होती." ते रागावले असते तर बरं झालं असतं. पूर्णिमाची मान खाली गेली.

सरांनी खुर्ची पुढं केली. "काका, बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. हिची लाथ लागत काहून नाही, ते सांगा."

"तुमचीच शिकवण आहे, काका," सर म्हणाले. पुण्याचं पाणी ते, बोलल्याशिवाय राहवत नाही. "चांगलं शिकवलं की असं होतं."

"थांबता येणं सोपं नसते, राजा."

"कुठं सोपं म्हणालो? पण तिला आता सुरू करता येत नाहीये."

हिंमतराव पायातल्या चपला काढून मॅटवर आले, थेट माझ्याजवळ. त्यांनी माझ्या नाड्या सोडल्या, मला हातात घेतलं, अंगठ्यानं मधोमध दाबून पाहिलं.

"काका, तो जुना झालाय. नवीन देतो," सर म्हणाले.

"मशीनवाला नको. हाच बरा हाय." त्यांनी मला छातीवर धरलं आणि लेकीकडे पाठ केली. "बांध."

तिनं नाड्या बांधल्या. दोनदा गाठ सुटली. आणि माझं काय झालं म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी माझ्या आत माणूस होता. उबदार, श्वास घेणारा. धडधड माझ्या फोमवर आपटत होती.

"मार."

पाय आला. चार बोटं अलीकडे थांबला.

"मार."

पुन्हा थांबला. हॉलमधली सगळी पोरं आपला सराव सोडून गोळा झाली होती. हिंमतराव एक पाऊल पुढं आले आणि हळू आवाजात बोलले. ते फक्त तिला ऐकू गेलं आणि मला.

"तुही माय गेली तवा तू शाळेत पोराईले मारत होती. दिसंल त्याले. म्हून थांबाचं शिकवलं म्या तुले. मले वाटे, मोठी झाली का सांगू, आता लागू दे. ते सांगाचं राहूनच गेलं."

"तुम्हाला लागेल, बाबा."

"मंग लागू दे."

ती मागं सरकली. डोळे भरले होते तिचे, धड दिसत तरी होतं की नाही कोण जाणे. मग तिच्या तोंडून अशी आरोळी निघाली की खाली गेनबांनी गिरणी बंद केली, आणि लाथ आली. या वेळी ती थांबली नाही.

मी आयुष्यात हजारो लाथा खाल्ल्या असतील. त्या सगळ्या एकीकडे आणि ही एकीकडे. माझी वाकडी शिवण टरकन उसवली आणि फोम बाहेर आला. हिंमतराव दोन पावलं मागं गेले आणि मॅटवर बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, स्वराली तर शिट्टीसुद्धा वाजवायला लागली. पूर्णिमा धावत येऊन गुडघ्यांवर बसली.

"लागलं का बाबा? खरं सांगा."

"छ्या! काई नाही लागलं." ते हसत होते. "पोचली ना आता? मंग झालं."

ती त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मी दोघांच्या मध्ये चेपलो होतो. तसं चेपणं पुन्हा मिळायचं नाही.

महिन्यानं तिनं परीक्षा दिली आणि सात पॉइंट घेऊन आली. तिचं बघून तिच्या गल्लीतल्या आणखी तिघी बायका क्लासला यायला लागल्या. आता तिला जोडीदार आहे. दोघी एकमेकींच्या नाड्या बांधतात, भांडतात, नंतर खाली जाऊन गेनबांशी गप्पा मारतात. मी वरच्या माळ्यावर फाटक्या पॅडांबरोबर एका पोत्यात पडून असतो. खालून दणका आला की तिचा पाय मला ओळखू येतो. तो आता पूर्ण पोचतो. फक्त माझ्यावर नाही.

मी आता फार दिवसांचा नाही, पोत्यासकट कधीतरी भंगारात जाईन. जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो बोलणार नाही. हिंमतरावांनी मला दाबलं तेव्हा त्यांचा अंगठा पलीकडच्या बोटांना जाऊन टेकला होता. माझ्यात काही उरलं नाही हे त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी मलाच बांधून घेतलं, कारण नवीन गार्ड आणायला सर वळले असते तेवढ्या वेळात तिचा धीर गेला असता, किंवा त्यांचा. ती लाथ माझ्यात राहिली नाही. ती त्यांच्या बरगडीपर्यंत गेली. आत कट्‌ असा बारीक आवाज झाला, तो मी ऐकला. नाड्या सुटेपर्यंत त्यांनी एकदाही पूर्ण श्वास घेतला नाही.

अजून क्लास सुटल्यावर ती खांबाला टेकून फोन करते. माळ्यावर मला तिचंच बोलणं ऐकू येतं. "बाबा, हा खोकला कसला?... धूळ? बरं, पण काळजी घ्या." तिला ते खरं वाटतं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून बोललो. हडपसरला कधी दळायला गेलात आणि जिन्यावर पूर्णिमा भेटली, तर तिच्याशी दोन शब्द बोला, तिचं आडनाव विचारा. पण हे मात्र तिला सांगू नका. ती पुन्हा थांबायला लागेल.