निम्म्या कॅप्सूल

लिफ्टच्या मेकॅनिकने आजवर कितीतरी अडकलेली माणसं बाहेर काढली होती. आता तो स्वतःच अडकला होता, आणि तेही अशा जागी की हाक मारायची सोय नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात धाडलं. चौथ्या दिवशी पार्टी झाली आणि त्याच हॉटेलात उतरलेल्या एका बाईबरोबर हा वाहवत गेला. तिचं नाव विचारायचंही भान या शहाण्याला राहिलं नाही. भान आलं ते परतल्यावर, लघवीला आग होऊ लागली तेव्हा.

"क्लॅमिडिया आहे," रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीरसंबंधातून होणारं इन्फेक्शन. सर्रास होतं, औषधाने बरंही होतं. चौदा कॅप्सूल, सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. बायकोला घेऊन या. तिला त्रास नसला तरी ते आतल्या आत पसरतं. पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते."

मूल! तीन वर्षं नवरा-बायको त्याचीच तर वाट बघत होते.

पण तिला आणायचं काय सांगून? तपासल्याशिवाय डॉक्टरीणबाई तिच्यासाठी चिठ्ठी देईनात, आणि चिठ्ठीशिवाय औषधवाला हात लावू देईना. तेव्हा त्याचं डोकं चाललं. त्यांच्या घरात औषध कधी एकट्याने घ्यायचंच नाही अशी रीत पडली होती. एकाला सर्दी झाली की गोळ्या दोघं गिळायची. जंताचं औषध तर वर्षातून दोनदा समोरासमोर बसून, एकमेकांची वाकडी तोंडं बघून हसत घ्यायची.

"जंताचं नवीन औषध आणलंय," तो म्हणाला. "रोज एक, सात दिवस."

चौदाचे दोन वाटे झाले. तिने काही न विचारता कॅप्सूल तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून गेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी संध्याकाळपर्यंत त्याने मनाची समजूत घातली, की औषध तर दोघांच्या पोटात गेलं ना!

तीन आठवड्यांनी पुन्हा आग सुरू झाली.

"सगळ्या घेतल्या होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सात घेतल्या."

"आणि बाकीच्या?"

त्याने बुटांकडे बघत सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"निम्म्या औषधाने दोघांपैकी कोणीच बरं झालं नसणार. आणि तिला दिवस गेले असते तर? गरोदरपणी हे औषध आम्ही देत नाही. तुम्ही तिला न सांगता चारलंत!"

दुसऱ्याच्या कामात अर्धवट आवळलेला बोल्ट दिसला की इमारत डोक्यावर घेणारा हा माणूस. आता त्याचेच कान तापले होते.

"आज घरी सांगा. उद्या दोघं या."

रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. घरी आला तर बायको स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली, समोरचा चहा निवून गेलेला.

"अहो, बसा जरा. मला काही सांगायचंय." तिने नजर वर केली नाही. "ओटीपोटात दुखत होतं, म्हणून दुकानाजवळच्या दवाखान्यात गेले होते. आज रिपोर्ट आला." मग तिने अडखळत तोच शब्द उच्चारला. "डॉक्टर म्हणाले, कधीकधी हे वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतं. लग्नाआधी माझं एकाशी... मी तुम्हाला कधी बोलले नाही. मूल होत नाहीये, तेही माझ्यामुळेच असेल. आता तुम्हालाही झालं असणार. मला माफ करा हो."

सुटकेचं दार आपसूक उघडलं होतं. ते बघून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची जी शरम वाटली तेवढी त्या हॉटेलातूनही घेऊन तो परतला नव्हता. तरीही जीभ वळलीच.

"असू दे गं," तो म्हणाला. "झालं ते झालं."

तिला रडू फुटलं. त्याचा हात दोन्ही हातांत धरून तिने कपाळाला लावला. "दुसरा कोणी असता तर घराबाहेर काढलं असतं मला. तुमचं मन किती मोठं आहे!"

तिचे अश्रू त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळले. ते मात्र त्याला सोसवेना.

"तुझं काही नाही त्यात," तो म्हणाला. "माझ्याकडून आलंय. ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा. मला महिनाभरापासून माहीत आहे. जंताच्या म्हणून दिल्या त्या कॅप्सूल यावरच्याच होत्या."

तिचं रडणं थांबलं. तिने त्याचा हात सावकाश टेबलावर ठेवला, पदराने डोळे कोरडे केले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"मग आत्ता तुम्ही मला माफ कशाबद्दल केलंत?"