पाचव्या तारेचा बिघाड

जाण्याआधी तीन आठवडे बाबांनी मला एक काम सांगितलं. तोपर्यंत त्यांचं बोलणं फक्त मलाच कळत होतं. "गिटार ताहेरला दे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "पाचवी उतरते. नीट करून दे."

हे गिटार मांडीवर घेऊन वाजवायचं नाही. ते टेबलासारखं चार पायांवर उभं असतं. वर दहा तारा, खाली तीन पेडलं. वाजवणारा खुर्चीवर बसून लोखंडी दांडा तारांवरून सरकवतो आणि डाव्या पायानं पेडल दाबतो. पेडल दाबलं की खालची सळई ओढली जाते, तार ताणते आणि वाजत असलेला सूर वर सरकतो. पहिलं पेडल पाचव्या तारेचं. ती ठरलेल्या जागी पोचत नव्हती, थोडी खालीच राहायची. बाबा त्याला 'उतरते' म्हणत.

बाबांचे मित्र ताहेरचाचा बहरीनच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. तिथला बँड मोडला तेव्हा कुणालाच नको असलेलं हे गिटार ते पनवेलला घेऊन आले. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर. खालच्या सळया आणि स्प्रिंगा पाहून ते आधी यंत्राच्या प्रेमात पडले, वाजवायला मागून शिकले. लहानपणी मी खाली बसून पाना द्यायची. "एका टायमाला येकच गोष्ट बदलायची," बाबा सांगायचे. "मंग ऐकायचा. मशीन खोटा नाय बोलत, पोरी."

तेराव्यानंतर चार महिने मी गिटारवरची चादर काढली नाही.

बाबांचा आजार डाव्या पावलातून सुरू झाला होता. मज्जातंतू वाळत जातात, स्नायू ऐकेनासे होतात. आधी पाऊल, मग हात, मग जीभ. बाबांची आये ओवे गावात अशीच पाय ओढत गेली. जन्म मिठागरात गेला, पायांचं असंच व्हायचं, असं तेव्हा सगळे म्हणाले. डॉक्टर मात्र म्हणाले की काही घरांत हे रक्तातून पुढे जातं, मुलांनी तपासून घ्यावं. माझ्या धाकट्या भावानं, हितेशनं, घेतलं. त्याच्यात नाही. माझ्या तपासणीची चिठ्ठी आठ महिने ड्रॉवरमध्ये आहे. दर रविवारी तो पुण्याहून फोन करतो आणि शेवटी विचारतो, "ताई, जाऊन आलीस?" मी सांगते, गिटारचं एकदा होऊ दे.

मार्चमध्ये करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळ, मी ते उलटं करून जमिनीवर ठेवलं. सगळ्या सळया काढल्या, पुसल्या, तेल दिलं. पाचवी तार नवी चढवली. मग सगळं पुन्हा जोडलं. शेवटी एक छोटा नट असतो. तो जितका आवळावा तितका सूर वर जातो. खुर्चीवर बसून मी पेडल दाबलं आणि फोनवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपचा काटा बरोबर मध्ये येईपर्यंत नट फिरवला. सकाळचे नऊ वाजले होते. मला वाटलं, झालं.

संध्याकाळी लायब्ररीतल्या कामावरून परत आले आणि दाबून पाहिलं. काटा मध्याच्या अलीकडे थांबला.

नवी तार ताणते, म्हणून दोन दिवस दिले. सकाळी बरोबर, संध्याकाळी कमी. मग उन्हाला दोष दिला, पडदे लावले. मग स्प्रिंग बदलली. बाबांच्या डब्यात स्प्रिंगांची पुडीच होती, सगळ्या मीच आणून दिलेल्या. बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडे बाबा मला नमुना देऊन पाठवायचे आणि दर वेळी सांगायचे, "हिच्यापेक्षा हलकी आण." त्यातली सर्वांत हलकी, कमी जोरात दबणारी, मी बसवली. तीन दिवस संध्याकाळीही काटा मध्यावर आला. चौथ्या दिवशी पुन्हा अलीकडे. मी नट अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आवळला. पुढच्या आठवड्यात अजून अर्धा. एका टायमाला येकच गोष्ट.

त्याच सुमारास माझ्या डाव्या चपलेचा पट्टा सैल झाला. जिना चढताना चप्पल मागे राहायची. कोपऱ्यावरच्या माणसाकडून दोनदा शिवून घेतली. तिसऱ्यांदा त्यानं चप्पल हातात घेऊन पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ही घट्ट आहे." मी नवी चप्पल घेतली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, पाचच्या सुमाराला, ताहेरचाचा आले. तीन जिने चढून धापा टाकत होते. हातात आंबोळ्यांचा डबा.

"लिफ्ट बंद ठेवून मला तुझ्या बापाकडे, कमळाकरकडे पाठवायचा इरादा आहे का तुमच्या सोसायटीचा?"

"बसा चाचा. पाणी देते."

"पाणी नंतर. आधी ह्याला बघू दे." ते गिटारच्या खुर्चीवर बसले आणि पत्र्यावरून हात फिरवला. "हळदीत तुझा बाप हे घेऊन बसायचा. लोकांना नाचायचं असायचं आणि हा असले लांब लांब सूर ओढायचा. एकदा तर नवरदेवच झोपला."

"तो थकला होता."

"हळद लावलेला माणूस बसून झोपतो का कधी? अल्ला कसम, घोरत होता."

मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा असेल. मग सांगितलं, "पाचवी संध्याकाळी उतरते. आत्ता लावून ठेवलीये, बघा." मी शेजारच्या स्टुलावर बसले, पाय पुढे घेऊन पहिलं पेडल दाबलं आणि तार छेडली. काटा मध्यावर आला.

"वा. फिटरची मुलगी." चाचांनी माझ्या जागी आपला पाय ठेवला आणि तीच तार छेडली.

सूर वर गेला आणि जायचा तिथं न थांबता आणखी वर गेला. काटा मधली रेघ ओलांडून पार दुसऱ्या टोकाला. चाचांनी तोंड वाकडं केलं.

"हे काय? चढतंय की."

"पुन्हा दाबा."

त्यांनी दाबलं. तेच.

वरून विमान गेलं.  मग मी जमिनीवर बसले आणि पेडल हातानं दाबलं, अगदी खाली टेकेपर्यंत. चाचांनी तार छेडली. काटा त्याच टोकाला गेला. म्हणजे पेडलला खाली अजून जागा होती, आणि माझा पाय तिथवर जात नव्हता.

"कमळाकरचं पण असंच," चाचा म्हणाले. ते नट शोधत खाली वाकले होते, माझ्याकडे बघत नव्हते. "हितेशच्या हळदीला मला म्हणाला, पाहुणे बघून येतो, तू जरा वाजव. मी पाय ठेवला तर पाचवी ही अशी आभाळात. आणि पेडल इतकं हलकं की पाय ठेवायच्या आत खाली. मी म्हटलं, कमळ्या, कान गेले का तुझे? तर हसला. म्हणाला, स्प्रिंग गेलीय, पोरीला सांगितलंय आणायला."

हितेशची हळद नऊ वर्षांपूर्वी झाली. बाबांचं निदान चार वर्षांपूर्वीचं. मधली पाच वर्षं मी बाजारातून स्प्रिंगा आणत होते.

"पाना दे," चाचांनी हात पुढे केला.

मी पाना दिला.

त्यांनी नट उलटा फिरवला, पेडल दाबून ऐकलं, पुन्हा फिरवला. मी आटे मोजत होते. दोन पूर्ण, वर थोडा. काटा त्यांच्या पायाखाली मध्यावर येऊन थांबला. त्यांनी दांडा उचलला आणि एक लांब सूर ओढला, पाचवीवरून वर आणि पुन्हा खाली. सूर स्वच्छ होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"झालं. तू वाजवून बघ, मग नेतो."

मी खुर्चीवर बसले. डावं पाऊल पेडलवर ठेवलं आणि दाबलं. काटा निघाला आणि अलीकडे थांबला. तिथेच थरथरत राहिला.

"जोर लाव, बेटा."

"लावलाय."

 चाचांनी माझ्या पावलाकडे पाहिलं. त्यांनी बाबांना शेवटच्या वर्षात दर जुम्म्याला भेटून पाहिलं होतं. ते हळूच खाली बसले आणि माझं पाऊल दोन्ही हातांनी पेडलवरून उचलून जमिनीवर ठेवलं.

फोनवरचा काटा गेला आणि त्याच्या जागी हितेशचं नाव आलं. मी स्पीकर लावला.

"ताई, चाचा आले का? झालं का दुरुस्त?"

"आले. इथेच आहेत." चाचा खाली मान घालून बसले होते. "गिटार चांगलंय, हितेश. त्यात बिघाड नव्हता."

"मग पाचवी का उतरत होती?"

मी उठून ड्रॉवर उघडला. चिठ्ठीची घडी तशीच होती.

"तू उद्या येशील का?" मी विचारलं.