ठमाबाईंचा अंगठा

फ्लॅट आम्ही जानेवारीत पाहिला. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. दुसरा मजला, एक बेडरूम, हॉल, किचन. कमलेशने कुलूप काढलं तेव्हा आत चुन्याचा वास होता. माझी बायको विनिता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मुलगी रिद्धी ओढणीने भिंत मोजत होती, कपाट बसेल का म्हणून.

"सर, हा गेला ना तर असा परत मिळणार नाही," कमलेश म्हणाला. "जागेच्या बदल्यात जागामालकाला मिळालेल्या वाट्यातला आहे. बिल्डरपेक्षा स्वस्त. आठ दिवसांत अ‍ॅग्रीमेंट, महिन्याभरात चावी. झालंच समजा."

कमलेश इस्टेट एजंट. स्टेशनपासून जवळ त्याचं एका शटरचं ऑफिस आहे. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक गोष्ट झालीच समजा, एवढंच त्याचं होतं.

आम्ही चौतीस वर्षं उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये भाड्याने राहतो. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो. संध्याकाळी कारखान्यातल्या कामगारांची आठ-दहा मुलं माझ्याकडे येतात, त्यांचा अभ्यास घेतो. खालच्या मशिनींच्या आवाजात पाढे मोठ्याने म्हणावे लागतात, म्हणून ते पक्के होतात. गेल्या वर्षी इमारतीला नोटीस लागली, धोकादायक म्हणून. पावसाळ्याच्या आधी, म्हणजे एकतीस मेपर्यंत, सगळ्यांनी खाली करायची. माझ्या वयाला बँक कर्ज देत नाही, म्हणून कर्ज रिद्धीच्या नावावर मंजूर झालं. त्या मंजुरीची मुदतही मेअखेरचीच होती.

इसार दिला आणि वाट बघणं सुरू झालं.

दर शुक्रवारी कमलेशचा फोन येई. फेब्रुवारीत कळलं की बँकेच्या वकिलाला कागदांत एक नाव जास्तीचं सापडलंय. इमारत ज्या शेतावर उभी राहिली ते हरिचंद्र नावाच्या शेतकऱ्याचं. तो वारला. आता त्याचा मुलगा प्रीतम सगळं बघतो, फ्लॅट विकणाराही तोच. पण हरिचंद्राला एक सख्खी बहीण होती, ठमाबाई, आणि ती हयात होती. तिचं हक्कसोडपत्र लागेल, असं वकिलाचं म्हणणं. बाकीच्या फ्लॅटवाल्यांच्या बँकांनी काय पाहिलं, मला माहीत नाही.

"हक्कसोड म्हणजे काय मोठी गोष्ट नाही, सर," कमलेश म्हणाला. "आत्या आहे ती. साडी नेसवायची, अंगठा घ्यायचा."

ते खरंच होतं. प्रीतमच्या आगरी समाजात काय आणि आमच्या खानदेशात काय, बहीण भावाला हक्क सोडून देते. भाऊ पाट मांडतो, साडी देतो, तिचं माहेर चालू राहतं. माझ्या दोन्ही बहिणींनी मला असंच लिहून दिलंय. तेव्हा तो कागद मी वाचला होता की नाही, आज आठवत नाही.

मार्चमध्ये प्रीतमला वेळ नव्हता. एप्रिलमध्ये हळदीचा सीझन लागला. "त्यांच्यात लग्नापेक्षा हळद मोठी, सर. रोज एक हळद. माणूस जागेवर सापडत नाही." मग एका हळदीत आत्याला मानाने बोलावलं नाही म्हणून आत्या रुसली. मग प्रीतम जाऊन समजूत काढून आला. मग कमलेशकडचा कागद टाइप करणारा गावी गेला. विनिताने फोन आला की विचारणं सोडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि कुकर लावायला जायची. मलाही राग येईनासा झाला होता. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

अठरा मेला कमलेशचा फोन आला. त्या दिवशी शुक्रवार नव्हता.

"सर, एकदम शेवटचं काम. आत्या तयार आहे. फक्त म्हणते, माझ्या बापाच्या जमिनीवर कोण राहायला येतोय त्याला बघितल्याशिवाय अंगठा देणार नाय. तुम्ही चला. शिक्षक आहात, मान देईल. आज घरी कागदावर अंगठा, परवा रजिस्ट्रेशन. झालंच समजा."

प्रीतमच्या गाडीतून आम्ही तिघे नदीपलीकडच्या गावाला गेलो. ठमाबाई ओटीवर बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. हिरवी साडी, दंडावर गोंदण. दाराशी शेवग्याचं झाड होतं. प्रीतमने पाया पडून साडीचं खोकं आणि मिठाईचा पुडा पुढे ठेवला.

"आज आठवली का आत्या?" ठमाबाई म्हणाल्या. "हलदीला तर कुत्र्यालाबी बोलावलं व्हतंस."

"चुकलं ना आत्या. किती वेळा कान धरू?"

"धर ना. तुजं कान मोठं हायेत." मग माझ्याकडे वळल्या. "ह्ये घर घेनारे? काय करता तुमी?"

"मास्तर होतो. आता रिटायर."

"मास्तर!" त्या थोड्या सावरून बसल्या. पदर नीट केला. "माजा बाप मना शालेत घालनार व्हता. भावाला घातलं, मना भाताच्या खाचरात घातलं. बसा, मास्तर. घरात कोन कोन?"

मी सांगितलं. बायको, मुलगी. मुलीच्या नावावर घर होणार हे ऐकून त्यांनी मान हलवली. "पोरीच्या नावावर. बरा हाय." चहा आला. सगळं नीट चाललं होतं. प्रीतमने शाईचं पॅड उघडलं आणि कागद काढला.

ठमाबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"इतके कागद झाले, कवा कोनी वाचून नाय दाखवला. आज मास्तर हायेत. वाचा, मास्तर."

"आत्या, त्यात वाचायचं काय," प्रीतम म्हणाला. "नेहमीचाच आहे."

"मंग वाचायला काय जातं?"

कमलेश माझ्याकडे बघत होता. भुवया वर करून त्याने मान जराशी हलवली. मला समजलं. दोन ओळींत सांगून टाका, असं. सांगता आलं असतं. भावाच्या घरासाठी संमती आहे, एवढंच म्हणालो असतो तर त्यांनी अंगठा दिला असता.

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. चौतीस वर्षं मी मुलांसमोर असाच वाचत आलो. सावकाश, आणि समोरचा कुठे अडतो ते बघत.

"कोणताही मोबदला न घेता," मी वाचलं.

"मोबदला म्हंजे काय?"

मी कागद खाली ठेवला. "हे शेवग्याचं झाड आहे ना?"

"हाय."

"समजा, ते तुमच्या वडिलांनी लावलं. तुम्ही दोघं भावंडं. शेंगा कोणाच्या?"

"दोघांच्या."

"आता या कागदात लिहिलंय, यापुढे शेंगा भावाच्या मुलांच्या. नुसत्या शेंगा नाहीत, झाडही. त्याच्या बदल्यात तुम्हाला जे मिळेल तो मोबदला. इथे लिहिलंय, काही मिळणार नाही. आणि तुमच्या मुलांनीही पुढे कधी मागायचं नाही."

"शेंगा मागितल्या तर देतील ना?"

"देतील कदाचित. पण ती त्यांची मर्जी. हक्क नाही."

त्या झाडाकडे बघत राहिल्या. "हं. फुडं वाचा."

पुढे जमिनींची यादी होती. मी एकच जमीन धरून चाललो होतो. यादीत दोन होत्या. पहिली इमारतीची. दुसरी मांजर्लीकडची, नदीजवळ, अकरा गुंठे. मी गट नंबरासकट वाचली, कारण लिहिलेली होती.

"ती?" ठमाबाई म्हणाल्या. "ती तर बापाच्या वक्ताला इकली ना? भावानीच, हरीनी, मना सांगितलं."

आतून भांडं घासल्याचा आवाज येत होता.

"आत्या, ती दरसाल पुरात जाते," प्रीतम म्हणाला. "तिचं काय घेऊन बसलीस?"

"पुरात जाते. मंग पानी उतारलं का परत येते ना?"

"आत्या..."

"तिथं मी भात लावलाय, प्रीतम. तुजा बाप लहान व्हता, त्याला बांधावर बसवून." त्यांनी साडीचं खोकं हळूच पुढे सरकवलं, प्रीतमच्या गुडघ्यापर्यंत. आवाज चढवला नाही. "आज नाय. पोरगा कामावरून येल, त्याला इचारते. मास्तर, चा थंड झाला तुमचा."

परतताना प्रीतम आरशातून माझ्याकडे बघत होता. नाक्यावर गाडी थांबवली आणि म्हणाला, "सर, तास संपला ना तुमचा? उतरा इथेच."

कमलेशही माझ्याबरोबर उतरला. आम्ही शेअर रिक्षासाठी उभे राहिलो. तो म्हणाला, "सर, बारा वर्षं धंद्यात आहे. पार्टीने स्वतःचा सौदा असा समजावून मोडलेला पहिल्यांदा बघितला." मग, "पाणी पिणार का?" मी नको म्हटलं.

सौदा मोडणार नाही असं मला अजूनही वाटत होतं. ठमाबाईंच्या मुलाने अर्धा वाटा मागितला. प्रीतमने कोर्टात भेट म्हणून सांगितलं. वकील म्हणाले, दोन वर्षं, नाहीतर दहा. रोखीने घेणारं गिऱ्हाईकही आता त्या फ्लॅटला हात लावेना. इसार परत आला, कमलेशने स्वतः आणून दिला, तेवढं चांगलं झालं. मंजुरीची मुदत संपली तो दिवस रविवार होता.

ठमाबाईंकडून आलो त्या संध्याकाळीच मी रिद्धीला सांगितलं होतं. नंतरचे दिवस ती अंबरनाथमध्ये भाड्याच्या खोल्या शोधत होती. एक सापडली, अकरा महिन्यांच्या करारावर. विनिता बघायलाही गेली नाही. "भाड्याचीच ना? मग सारख्याच असतात," म्हणाली.

निघायच्या सकाळी सामान बांधून झालं होतं. टेम्पो यायचा होता. रिद्धी पुस्तकांच्या खोक्यावर बसली होती.

"बाबा, त्या आत्याने विचारलं नसतं तर तुम्ही आपणहून सांगितलं असतं?"

मी विचार केला. "माहीत नाही."

"म्हणजे नुसती वाचा म्हणाली म्हणून."

"हो."

"नेमकं काय सांगितलंत तिला? मला सांगा. जसंच्या तसं."

मी सांगितलं. शेवग्याचं झाड, दोघं भावंडं, शेंगा, मर्जी आणि हक्क. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. लहानपणी व्यवहारी अपूर्णांक शिकताना बसायची तशीच बसली होती, हनुवटीखाली मूठ धरून. संपलं तेव्हा तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती.

"समजलं," ती म्हणाली. "इतकं नीट समजलं, बाबा, त्याचाच राग येतो."

खालून टेम्पोवाल्याने हाक मारली. तिने खोक्याची एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही जिना उतरायला लागलो.