टेटसाहेब घरात आल्यापासून

मी वसमतच्या किशनराव खिल्लारेंचा सॅक्सोफोन. सहा वर्षं कपाटावरच्या पेटीत पडून होतो, म्हणून माझा आवाज अजून थोडा बसलेला आहे. तरी बोलतो, कारण पोटात फार साठलं आहे. ते काय आहे हे आधीच सांगून टाकतो. तो हेवा आहे.

माझा जन्म मेरठचा. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून, डाग देऊन मला घडवलं. वसमतच्या बँडचे मालक भावसिंग मास्तर मला तिथून रेल्वेनं घेऊन आले. त्यांनी मला नऊ वर्षं वाजवलं. मग त्यांचे पुढचे दात पडले. दात नसले की माझं तोंड ओठात धरून ठेवता येत नाही. एका लग्नात वरात ऐन रंगात असताना मास्तर थांबले, गळ्यातला पट्टा काढला आणि शेजारी क्लॅरिनेट वाजवणाऱ्या किशनच्या गळ्यात घातला. म्हणाले, "धर. आजपासून तुझा." किशन तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याची पहिली फुंकर माझ्यात शिरली आणि मी भावसिंग मास्तरांना तिथल्या तिथे विसरलो. माझा स्वभाव असा आहे.

किशनचे किशनराव झाले. लग्नं झाली, जयंतीच्या मिरवणुका झाल्या. मोंढ्यावरून जाताना हळदीची पिवळी धूळ माझ्या भोकाभोकांत बसायची. घरी आल्यावर बायकोच्या, जनकाबाईंच्या, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन ते मला आतून-बाहेरून पुसायचे. तेवढा वेळ ते कोणाशी बोलत नसत. डीजे आला, बँडला सुपाऱ्या मिळेनाशा झाल्या, पण मला डीजेचा कधी हेवा वाटला नाही. त्याला कोणी मांडीवर घेऊन पुसत नव्हतं.

एकदा माझी पॅड बदलायला आम्ही नांदेडला गेलो. पॅड म्हणजे माझी भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या चकत्या. दुरुस्ती करणाऱ्या उस्तादांच्या दुकानात एक कॅसेट लागली होती. कोणी परदेशी माणूस सॅक्सोफोन वाजवत होता. किशनराव उभ्याचे बसले. त्यांनी उस्तादांकडून त्या कॅसेटची कॉपी करून घेतली. वर पेनानं फक्त 'टेट' लिहिलेलं होतं. त्यातली तिसरी धून संथ होती. मध्ये एकट्या सॅक्सोफोनचा लांब तुकडा होता, जणू कोणी रडणं आवरून बोलतंय. सहा महिने खपून किशनरावांनी तो तुकडा माझ्यातून काढला. नवरी निघायच्या वेळी ते तो वाजवायचे आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. बायकांना वाटायचं, किशनरावांची धून. मलाही तसंच वाटायचं.

पुढे कॅसेटची टेप तुटली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी किशनरावांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "आता फुंकायचं नाही." त्यांनी मला पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर ठेवली, आणि नंतर कितीतरी दिवस ते त्या कपाटाकडे पाठ करून जेवत.

मी तेही सोसलं. ते दुसरं कोणतं वाद्यही हातात धरत नव्हते ना!

मग गेल्या वर्षी टेटसाहेब घरात आले.

किशनरावांचा मुलगा प्रज्ञेश पुण्यात नोकरीला आहे. त्यानं कॅसेटवरच्या त्या 'टेट'चा इंटरनेटवर शोध घेतला. ऑर्विल टेट नावाचा अमेरिकेचा सॅक्सोफोनवाला, साठ वर्षांपूर्वीचा. तो वाजवायचा त्या जॅझच्या प्रकाराला हार्ड बॉप म्हणतात. एका कंपनीला त्याच्या जुन्या टेपा सापडल्या. त्या धुऊन-पुसून, आधी न छापलेलं वादनही घालून तिनं तीन रेकॉर्डचा संच नव्यानं काढला होता. प्रज्ञेशनं तो संच आणि वाजवायचं यंत्र, दोन्ही कुरिअरनं वसमतला पाठवलं.

किशनरावांनी आंघोळ केली. पांढरा शर्ट घातला. रेकॉर्ड बाहेर काढली आणि जनकाबाईंना म्हणाले, "तो लुगड्याचा तुकडा आन गं."

माझा तुकडा! पाच वर्षं मी ज्याची वाट पाहिली, त्याच तुकड्यानं किशनराव त्या काळ्या थाळीला पुसत होते, लेकराचं तोंड पुसावं तसं. मग सुई टेकली, आवाज आला, आणि किशनराव डोळे मिटून म्हणाले, "वा, टेटसाहेब!"

साहेब! चाळीस वर्षांत मला त्यांनी 'अरे' म्हणूनसुद्धा हाक मारली नव्हती, आणि हा आल्या दिवशी साहेब झाला.

त्यानंतर रोज सकाळ-दुपार तेच. जनकाबाई थट्टा करायच्या, "अहो, तुमच्या सायबाला चहा लागतो का, इचारा." किशनराव हसायचे, हसताना खोकायचे. पण मला खरी आग कशाची लागायची सांगू? पेटीची एक कडी तुटली होती, त्या फटीतून मला ते दिसायचे. रेकॉर्ड वाजत असताना त्यांची बोटं मांडीवर हलायची. जणू मांडीवर माझी बटणं होती. बोटं माझ्या बटणांवर आणि कान त्याच्या आवाजावर. त्याला दम लागत नव्हता, त्याची पॅड फुगत नव्हती. नव्यानं निघाला होता ना तो! मला कोण नव्यानं काढणार?

त्या घरात जळणारा मी एकटा नव्हतो. किशनरावांची मुलगी ज्योती कुरुंद्याला शाळेत शिकवते. सासरही तिथलंच. शाळा सुटली की एक दिवसाआड ती बसनं यायची. भाजीचा डबा, बापाची औषधं, वाफ घ्यायचं मशीन धुणं, सगळं तीच करायची. पण घरात कोणी पाहुणा आला की किशनराव रेकॉर्ड दाखवायचे आणि त्यांची कथा सुरू व्हायची.

"ह्या माह्या प्रज्ञेशनं पाठवल्या. त्याला सुराची जाण बराबर हाय. लहानपणी एकडावच वाजवला त्यानं हा तुकडा. पन काय वाजवला! मी औंढ्याहून लवकर आलतो. गल्लीतच उभा ऱ्हायलो. आंगावर काटा आला."

"बाबा, गोळी घ्या," ज्योती म्हणायची. दर वेळी याच जागी.

एकदा तिला राहवलं नाही. "दादानं एक डबा पाठवला तं तुमी वर्षभर त्याचंच नाव घेऊन राहिले. मी रोज डबे आणून राहिले, त्याचं काय?"

"अगं, तू तं हायेसच," किशनराव म्हणाले. त्यांना ते कौतुकच वाटलं.

त्या दुपारचं खरं काय होतं ते मला ठाऊक होतं. तेव्हा प्रज्ञेश चौदाचा होता आणि ज्योती अकराची. किशनराव रोज प्रज्ञेशला शिकवायला बसवत. सूर चुकला की थापड. ज्योती जवळच तांदूळ निवडत बसायची आणि बापाची बोटं पाहायची. ती एकदा म्हणाली, "बाबा, मी वाजवू?" किशनराव म्हणाले, "तुला फुंकायचं असंल तं चूल फुंक." ते बँडला गेले की ती मला मांडीवर घ्यायची आणि जनकाबाई दारात बसून वाटेवर लक्ष ठेवायच्या. तिच्या फुंकरीत जोर नव्हता, पण घाईही नव्हती. तीन महिन्यांत तिनं तो संथ तुकडा माझ्यातून काढला. किशनरावांना सहा लागले होते.

त्या दुपारी जनकाबाई पाण्याला गेल्या होत्या. चपलांचा आवाज आला तशी ज्योतीनं मला खाटेवर टाकलं आणि ती आत पळाली. खाटेवर प्रज्ञेश पडला होता. किशनरावांनी येऊन त्याला छातीशी धरलं. रोज मार खाणाऱ्या पोराला बापानं पहिल्यांदा जवळ घेतलं. तो काही बोलला नाही. मला त्याचा राग आला होता, पण मीही कुठे बोलू शकत होतो?

या जानेवारीत प्रज्ञेश चार दिवस घरी आला. रविवार होता, ज्योतीही आली होती. संचाबरोबर इंग्रजी माहितीचं एक पुस्तक होतं. किशनराव म्हणाले, "मला वाचून दाखव. टेटसाहेबाची सगळी हकीकत पाहिजे."

प्रज्ञेश वाचत होता आणि मराठीत सांगत होता. टेटचा जन्म, बापाचं चर्च, दमा. मग तो अडखळला.

"बाबा, तो तिसऱ्या धुनेतला तुकडा टेटचा न्हाई."

"काय म्हनतो?"

"इथं लिहिलंय. रेकॉर्डिंगच्या दिवशी टेटला दम्याचा झटका आला. बँडमधला दुसरा सॅक्सोफोनवाला होता, एल्मर ग्रीव्हज. दिवसा दवाखान्यात फरशी पुसायचा. तो तुकडा त्यानं वाजवला. कंपनीनं तवा फक्त टेटचं नाव छापलं. टेट मरेपर्यंत पत्रं लिहून सांगत होता, की माझं न्हाई, त्याचं नाव टाका. आता या नव्या संचात टाकलंय."

किशनरावांनी यंत्राकडे पाहिलं. "म्हंजी वर्षभर मी भलत्यालाच सायेब म्हनून राहिलो," ते म्हणाले. "आन त्या बिचाऱ्यानं सोताच काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असंल," प्रज्ञेश म्हणाला. पुस्तक त्याच्या हातात उघडंच होतं, पण तो वाचत नव्हता. मग खाली पाहत म्हणाला, "बाबा, तुमी औंढ्याहून आलते त्या दिवशी मी वाजवत नव्हतो. ज्योती वाजवत होती."

ज्योती गोळ्यांची पाकिटं लावत होती. तिचे हात थांबले.

"व्हय का गं?" किशनरावांनी विचारलं.

"व्हय."

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं होतं, बाबा. त्याच दिवशी जेवताना. तुमी हसले." ती शांतपणे बोलत होती. "म्हणले, भावाचं कौतुक बघवंना व्हय तुला?"

जनकाबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. "मी बी ऐकलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी बी बोलले न्हाई."

किशनराव उठले. कपाटापर्यंत जाताना त्यांना धाप लागली. त्यांनी पेटी काढली, उघडली, आणि मला ज्योतीसमोर धरलं. सहा वर्षांनी त्यांचा हात लागला, पण मला दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी.

"वाजव."

"आता?" ज्योती उभी राहिली. "मी सदतीस वर्षांची झाले, बाबा. बस चुकंल माझी." तिनं पिशवी उचलली आणि ती गेली. प्रज्ञेश तिच्यामागे गल्लीपर्यंत धावला. काय बोलला माहीत नाही, एकटाच परत आला.

नंतरचे आठ दिवस ज्योती आली नाही. तिचा नवरा धम्मानंद डबा देऊन जायचा. किशनरावांनी रेकॉर्ड लावली नाही. यंत्रावर फडकं पडलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते जेवत नव्हते आणि दिवसभर माझ्याकडे पाहत बसत. तसं पाहिलं जाणं मला नको होतं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला पेटीत घातलं आणि पेटी उचलली. जनकाबाई आडव्या आल्या. "तुमाला दम निंगना, कुठं निंगाले?"

"नांदेडला. ह्याची पॅड बदलायची."

बसस्टँडपर्यंत ते तीनदा बसले. एकदा पाण्याच्या टाकीपाशी, एकदा एका दुकानाच्या पायरीवर, आणि एकदा नुसतेच रस्त्याच्या कडेला, माझ्या पेटीवर. त्यांच्या छातीतला घरघराट मला पितळेतून जाणवत होता. नांदेडला उस्ताद राहिले नव्हते, त्यांचा मुलगा होता. त्यानं नवीन पॅड बसवली, माझ्या तोंडातली वेताची पट्टी, म्हणजे रीड, तीही नवीन दिली. वाजवून बघा म्हणाला, तर किशनराव म्हणाले, "मी न्हाई. जिचा हाय ती बघंल."

तिथून आम्ही घरी गेलो नाही. दुसऱ्या बसनं कुरुंद्याला उतरलो. शाळा सुटली होती. ज्योतीनं दार उघडलं. बापाच्या ओठांचा रंग पाहून ती आधी ओरडलीच.

"एकटे आले? इतक्या लांब? डोकं फिरलं का तुमचं?"

किशनरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पेटी उंबऱ्याच्या आत सरकवली. दम खाऊन म्हणाले, "हा तुझा हाय. वाजव, न्हाई तं नको वाजवू. पन तुझा हाय."

"पाणी प्या आधी," ज्योती म्हणाली.

त्यांनी माफी मागितली नाही. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. धम्मानंद त्यांना मोटारसायकलवर वसमतला सोडायला निघाले, तेव्हा किशनरावांनी वळून पेटीकडे पाहिलं. नंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्याला आता दोन महिने झाले. ज्योती मला शाळेतून आल्यावर वाजवते. पहिल्या दिवशी रेडा हंबरावा तसा आवाज निघाला आणि तिची लेक कोमल पोट धरून हसली. ज्योतीही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आता त्या तुकड्याचा पहिला निम्मा भाग येतो. शेजारच्या चांगुणाबाई सूप घेऊन अंगणात येऊन बसतात आणि सूर तुटला की म्हणतात, "थांबू नको मास्तरीण, पुढं जा."

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. मला मांडी मिळाली, फुंकर मिळाली, पुसायला मऊ ओढणी मिळाली. तरी काल जनकाबाईंचा फोन आला आणि माझं सगळं पितळ तापलं.

"ज्योते, तुझे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राहिले, ते वाजवलं माह्या पोरीनं म्हनून," त्या सांगत होत्या. "कालच्या पाहुन्याला तं दोनदा सांगितलं."

"सांगू दे माय. लई उशीर झाला," ज्योती म्हणाली. पण फोन तिनं कानाला आणखी घट्ट दाबला. त्या फोनमधून, जनकाबाईंच्या बोलण्यामागून, मला रेकॉर्ड ऐकू आली. आणि तिच्याही मागे, किशनरावांचा खोकला.

म्हणजे ते तिथे आहेत आणि त्यांच्याजवळ टेटसाहेब आहेत. मी इथे आहे.

टेटसाहेब, तुमचा हेवा माझ्यानं सुटत नाही, सुटणारही नाही. पण आता त्यांच्याजवळ तुम्हीच आहात, म्हणून तुम्हालाच विनवतो. दुपार कलली की त्यांना धाप लागते. त्या वेळी जलद धून वाजवू नका. त्यांची बोटं तिच्यामागे धावतात आणि दम अपुरा पडतो. संथ वाजवा, हळूहळू वाजवा, आणि त्यांना झोप लागली तरी लगेच थांबू नका.