मेहराबीचा चुना

मी एक जुना दगड आहे. गोल, मधोमध भोक असलेला, आणि खरे सांगायचे तर पार दमलेला. रोह्याहून पूल ओलांडून अष्टमीला आलात, तर तिथल्या एका जुन्या मशिदीच्या अंगणात मी तुम्हाला दिसेन. मित्रांनो, या मशिदीचा सगळा चुना माझ्याखालून गेला आहे.

सिमेंट नव्हते तेव्हाची गोष्ट. खाडीकाठचे मिठागरवाले होडीतून शिंपल्या आणून देत. त्या भाजायच्या, पाण्यात विरवायच्या आणि गोल चरात टाकून मला त्यावरून फिरवायचे. यालाच चुन्याची घाणी म्हणतात. बैल पुढे, मी मागे. वरून गुळाचे पाणी पडे, हिरड्याचे पाणी पडे. चुना लोण्यासारखा होईपर्यंत सुट्टी नाही. त्याच चुन्याने घुमट लिंपला. मेहराब म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कमानदार कोनाडा. तिच्यावर वेली आणि फुले उमटली ती याच चुन्यातून. लांबून माणसे ती पाहायला येत आणि कारागिराची पाठ थोपटत. माझी कुणी थोपटली नाही. चालायचेच.

पुढे सिमेंट आले आणि मला नमाजाआधी हातपाय धुण्याच्या हौदाच्या कडेला लोटून दिले. लोक माझ्यावर टाचा घासू लागले. अलीकडे तर एकजण मोटारसायकल टेकवतो.

तीन वर्षांपूर्वी मेहराबीची फुले गळू लागली. मशिदीचा कारभार पाहणारी जमातीची मंडळी म्हणाली, "फोडून टाका नि टाइल्स लावा. पुसायला पण बरं."

बांग देणारे म्हातारे कासमचाचा हट्टाला पेटले. "माझ्या आज्यानं हिच्यासमोर उभं राहून नमाज पढवली. मी जिता हाय तवर घण लागायचा नाय!"

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरले, की पुढच्या रमजानपर्यंत मेहराब दुरुस्त झाली तर राहील, नाहीतर टाइल्स.

चाचांनी पेणहून प्रतिक्षाला बोलावले. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडवते. नमाज नसेल तेव्हा ती काम करी. दोन दिवसांत तिने रबरी साच्यातून पीओपीची फुले काढून चिकटवली. अगदी हुबेहूब! सगळे खूश. मी मात्र अंगणात पडल्या पडल्या चरफडत होतो. त्या भिंतीत खाडीची ओल आहे, तिला चुनाच लागतो. पण दगडाचे कोण ऐकतो?

पावसाळ्यात फुले फुगली आणि लगदा होऊन खाली आली. कळताच प्रतिक्षा न बोलावता आली.

"चाचा, माझं चुकलं," ती मान खाली घालून म्हणाली. "आमच्या मूर्ती दहा दिवसांत पाण्यात जातात. हे शंभर वर्षं टिकवायचं हाय, ते डोक्यातच नाय आलं."

"रडू नको गो. घाणी कशी चालते ते मी लहानपणी बघितलंय. अंगात जोर नाय ऱ्हायला, पण सांगता येईल."

मिठागरातल्या सखाने शिंपल्या आणल्या. बैल कुठून आणणार? मग मला पुन्हा चरात उभे केले, भोकात दांडा घातला आणि सखा व प्रतिक्षाच त्याला लागले. मला अजिबात नको होते हे. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच गोल गोल फिरणे! चाचा चुना चिमटीत चोळून बघत आणि मान हलवत. की पुन्हा फेरे. असे अठरा दिवस चालले. सतराव्या दिवशी चाचांनी प्रतिक्षाचा हात धरून तिच्या चिमटीत चुना ठेवला. "आता तू सांग, झाला का नाय?" म्हणाले. तिने बरोबर सांगितले. मी थकलो होतो, तरी मला फार बरे वाटले.

अठराव्या दिवशी शेवटचा चुना निघाला आणि मी मधोमध तडकलो.

रमजानच्या चार दिवस आधी शेवटचे फूल बसले. जमातीच्या मंडळींनी नखाने खरवडून पाहिले, ते सुटले नाही. टाइल्सचे खोके दुकानात परत गेले.

त्यानंतरच्या थंडीत कासमचाचा वारले. फुले अजून जागेवर आहेत. पण आता घुमटाला भेग गेली आहे आणि मी काही पुन्हा फिरू शकणार नाही.

मित्रांनो, मला सांधायच्या खटपटीत पडू नका. डोंगरात दगड पुष्कळ आहेत, दुसरा घडवता येईल. चुना चिमटीत ओळखणारे माणूस मात्र आता एकच उरले आहे, आणि ते पेणला राहते. तिच्याकडे जा आणि शिकून घ्या.