घंटी आणि तांब्या

"महाराज, तुमच्या स्वतःच्या गाडीत घंटी का नाही?"

दहावीतल्या सोनियानं हे विचारून दाखवायचंच, अशी तिच्या मैत्रिणींनी, रेश्मा आणि प्रियदर्शनीनं, पैज लावली होती. तिनं विचारलं. वडूजच्या माळावर जीप, टेम्पो, ट्रॅक्टर लावून उभी असलेली झाडून सगळी माणसं माना वळवून बघू लागली.

ॲव्हरेज महाराज गोड हसले. "पोरी, डॉक्टर कवा सोताला सुई टोचतो का?"

माळ खदाखदा हसला. महाराजांनी पितळी घंटी उंच धरली. "आरशाला बांधा! वाजली की देवी उठती, देवी उठली की डिझेल पिती! वाजू न देता हाका. सोमवारी टायरात हवा, डिकीत ओझं नको आन् मनात शंका नको!"

आणि खरंच गाड्यांचं ॲव्हरेज वाढत होतं, हीच तर पंचाईत होती. फौजेतून परतलेल्या लालासाहेबांची, म्हणजे सोनियाच्या वडिलांची, आबांची गाडी लिटरला चौदा किलोमीटरवरून सतरावर गेली होती. म्हणून तर आज ते दुसऱ्या घंटीसाठी रांगेत होते. ती सोनियाच्या आईच्या खाटेला बांधायची होती. आईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मिरजेला डायलिसिस.

"गाडीचं पिणं घटलं, तसं हिचं दुखणं बी घटंल," महाराज म्हणाले. "गुरुवारची फेरी शेवटची करा."

आबांनी मान हलवली. हल्ली ते कशालाही मान हलवत. चहा गरम असो की गार. सोनियाला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर उरतो तसला नुसता जडपणा.

गुरुवारी निघताना पंपावर टाकी काठोकाठ भरली. सोनियानं हळूच आरशाच्या घंटीच्या पोटात रुमाल कोंबला. घंटी वाजेना, तसा आबांचा पाय त्यांच्याही नकळत जड झाला. रेस, कचकन ब्रेक, परत रेस. विट्यात चहाला थांबले, तर इंजिन आपलं घरघरतंच. मिरजेत टाकी पुन्हा भरली: साडेसहा लिटर.

परतताना तिनं घंटी सोडून दप्तरात टाकली आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेतला.

"ही कसली थेरं?"

"आबा, तांब्या सांडायचा नाही. बस्स."

"आवं, ऐका की पोरीचं," मागच्या सीटवरून आई दमल्या आवाजात म्हणाली. "मला डॉक्टर घोटभर पाणी पिऊ देईनात, आन् गाडीला तांब्या!"

आबा हळू निघाले. खड्डा, गतिरोधक, म्हशी, सगळं लांबूनच बघून पाय आधीच उचलू लागले. थांबले की इंजिन बंद. चढाचा रस्ता असूनही वडूजला टाकीत सव्वापाच लिटरच मावलं.

"आबा, जाताना घंटी होती, तोंडात रुमाल. येताना घंटी दप्तरात. मग डिझेल वाचवलं कुणी?"

आबा आरशाच्या मोकळ्या दोऱ्याकडे बघत राहिले. "म्हंजी, ती वाजत न्हवती म्हणून मी...?"

"व्हय. देवी नाही उठत, तुमचा पाय उठतो. ब्रेक मारला की पळवायला जाळलेलं डिझेल फुकट जातं. ब्रेक, क्लच, टायर झिजतात ते वेगळंच. महाराज तुमच्याच पायाचं काम तुम्हालाच चमत्कार म्हणून दाखवतो. पण आईचं रक्त हळू हाकून साफ होत नाही, आबा. ते मशीनच करतं. कुणाचंही मोजल्याशिवाय मानू नका. माझंसुद्धा."

पंपावरचा माणूस पुढची गाडी बोलवत होता. आबांनी किल्ली फिरवली नाही. आई डोळे मिटून होती, पण जागी होती.

"आणि ऐका दोघंबी," सोनिया म्हणाली. "सोमवारी आईला मिरजेला न्यायचंच, हे मी ठरवलंय. तुमी निघालात तर मी तांब्या धरते. नाहीतर सकाळच्या एस्टीनं आमी दोघी जातो. माझा पेपर बुडला तरी चालंल."